धापेचे मोजमाप

आमच्या घरातील आप्पा, म्हणजे माझे सासरे, चाळीस वर्षे हळदीच्या पेढीवर बसले. पहाटे उठून मार्केट यार्डात जाणे, सौद्याच्या वेळी पोत्यातील हळकुंड मोडून आतला रंग पाहणे, दुपारी वखारीत उभे राहून थप्प्या लावून घेणे, दिवस मावळण्यापूर्वी जेवण आणि नंतर माडीवर जाऊन रोजकीर्द पुरी करणे, असा त्यांचा नेम होता. सत्तरी जवळ आली तसा या नेमातील एकेक धागा सुटत गेला. प्रथम सौद्याला जाणे थांबले. "आता मुले समर्थ आहेत," असे ते म्हणाले. मग रोजकीर्द माडीवरून खाली आली. मंदिरात सकाळी पायी जाणे बंद होऊन रिक्षा सुरू झाली, आणि काही महिन्यांनी रिक्षाही बंद झाली. शेवटी सर्वांबरोबर जेवायला बसणेही त्यांनी सोडले. ताट खोलीत मागवू लागले. बोलणे उणावले. घरात सर्वांना, आणि खरे सांगायचे तर सर्वांत अधिक मला, वाटत होते की आप्पांचे मन संसारातून निवृत्त होत चालले आहे. पाहुणे आले की हे आम्ही कौतुकाने सांगत असू.

ही निवृत्ती धापेने आणली होती, हे आम्हांला कळायला तीन वर्षे लागली. तीही एका हिवाळ्यात खोकला, ताप आणि रुग्णालयातील सहा दिवस असा दंड भरल्यावर.

या तीन वर्षांत आप्पा डॉक्टरांकडे गेले नव्हते असे नाही. एका डॉक्टरांनी छातीला नळी लावून "वयोमानाप्रमाणे ठीक आहे" असे सांगितले होते. त्यांनाही फार दोष देता येत नाही, कारण "कसे वाटते?" या प्रश्नाला आप्पांचे उत्तर ठरलेले असे: "ठीक आहे." चाळीस वर्षे बाजारात राहिलेला माणूस आपली नड समोरच्याला सहसा दाखवीत नाही. रुग्णालयातून घरी सोडल्यावर आम्ही छातीच्या विकारांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आप्पांना यंत्रात जोराने फुंकायला लावले, लांब बोळात सहा मिनिटे चालवले, आणि मग एक कागद पुढे केला. त्यावर आठ प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे. खोकला किती येतो, छातीत कफ किती साठतो, छाती आवळल्यासारखी वाटते का, एक जिना चढताना धाप लागते का, घरातली कामे करताना अडचण येते का, घराबाहेर पडण्याचा धीर होतो का, झोप कशी लागते, अंगात उत्साह किती आहे. इतकेच.

माझ्या यजमानांनी कागद घेतला आणि आप्पांना न विचारता भरायला सुरुवात केली. घरातला कर्ता मुलगा असाच करतो. बेरीज अकरा झाली. डॉक्टरांनी तो कागद शांतपणे बाजूला ठेवला, दुसरा काढला, आम्हां दोघांना बाहेर बसवले आणि आप्पांच्या हाती पेन दिले. त्यांची बेरीज चोवीस आली. पुढे घरी आल्यावर सासूबाईंनी, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, तोच कागद पाहिला आणि आपल्या मनाने गुण दिले. त्यांचे एकोणतीस झाले. रात्री दोन उशा लावून बसून काढलेल्या वेळा त्यांना ठाऊक होत्या, आम्हांला नव्हत्या.

एकाच माणसाच्या एकाच छातीचे एकाच घरातून तीन हिशेब निघाले. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेला नाही, आणि त्यावर जे वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले, ते येथे मांडीत आहे. आपल्या समाजात धान्य, मसाले, कापूस, भुसार यांच्या व्यापारात आयुष्य गेलेली वडीलधारी माणसे घरोघर आहेत. त्यांच्यापैकी कितीजण असेच "ठीक आहे" म्हणत असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

आप्पांच्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आपण सरसकट दमा म्हणून मोकळे होतो, पण दोन्ही एक नव्हेत. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि पुष्कळदा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातील नाजूक हवेच्या पिशव्यांची झीज होते, आणि झालेली झीज भरून येत नाही. आजार सावकाश वाढतो. रोगीही सावकाश आपले आयुष्य आखडते घेतो, आणि ते इतक्या बेताबेताने की त्याला स्वतःलाही पत्ता लागत नाही. जिना चढताना धाप लागते म्हणून तो जिना चढत नाही, आणि मग विचारले तर धाप लागत नाही असे सांगतो. त्याच्या दृष्टीने ते खोटेही नसते.

हा आजार मोजण्याचे पहिले साधन अर्थात फुंकण्याचे यंत्र. लंडनच्या जॉन हचिन्सन या वैद्याने १८४६ साली आपल्या स्पायरोमीटरचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन हजारांहून अधिक माणसांना त्याने त्यात फुंकायला लावले होते. त्यांत खलाशी होते, आग विझविणारे होते, पोलीस होते, पहिलवान होते आणि उंची कपड्यांतले सद्गृहस्थही होते. आयुर्विमा उतरवण्यापूर्वी माणसाची छाती अशी मोजावी, असे त्याच्या मनात होते. म्हणजे या यंत्राच्या जन्माशी व्यापाराचा संबंध आहेच. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजण्याची पद्धत आली, आणि आजही निदान त्यावरच होते. पहिल्या सेकंदातील हवा ही एकूण फुंकलेल्या हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी भरली, आणि श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊनही कमीच राहिली, तर श्वासमार्गात अडथळा आहे असे समजतात. ही तपासणी झाल्यावाचून कोणी सीओपीडी म्हणून औषध सुरू केले, किंवा हा आजार नाही असे सांगितले, तर दोन्ही वेळा शंका घ्यावी.

आप्पांच्या पहिल्या सेकंदाचा आकडा त्यांच्या वयाच्या व उंचीच्या माणसाकडून अपेक्षित असलेल्या आकड्याच्या ५२ टक्के होता. माझ्या यजमानांना वाटले, झाले, मोजमाप मिळाले; आता कागदावरच्या आठ प्रश्नांचे काम काय?

याचे उत्तर मी त्यांना त्यांच्याच धंद्यातून दिले. काट्यावर दोन पोती ठेवली, दोन्हींचे वजन सारखे भरले, म्हणून सौद्यात दोन्हींना एक भाव मिळतो काय? भाव हळकुंडाच्या रंगावर, कठीणपणावर, वाळवणीवर ठरतो, आणि तो पाहायला वजनकाटा उपयोगाचा नसतो. फुंकण्याचे यंत्र फुप्फुसाचे वजन सांगते. त्या फुप्फुसावर माणूस कसे जगतो आहे, हा वेगळा सौदा आहे. यंत्रात सारखा आकडा आलेल्या दोन रोग्यांपैकी एक रोज दुकान उघडतो आणि दुसरा स्वतःच्या शर्टाची बटणे लावताना थांबतो, असे डॉक्टर नेहमी पाहतात. फुप्फुसाचा आकडा आणि रोग्याचे जगणे यांचा संबंध आहे, पण तो अगदी सैल आहे, हे पुन्हा पुन्हा केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे.

धापेला प्रथम आकडा दिला तो वेल्समधील कोळशाच्या खाणीतील मजुरांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने खाणमजुरांच्या छातीच्या विकारांचा अभ्यास करण्यासाठी कार्डिफ येथे एक संशोधन केंद्र उभारले. त्याचे पहिले संचालक चार्ल्स फ्लेचर यांनी मजुरांची धाप अगदी साध्या प्रश्नांनी पायऱ्यांत बसवली. आज वापरात असलेल्या तिच्या सुधारित रूपात शून्य ते चार अशा पाच पायऱ्या आहेत. फार कष्टाचे काम केले तरच धाप लागते, ती शून्य. सपाटीवर घाई केली किंवा थोडा चढ आला की लागते, ती एक. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडावे लागते किंवा आपल्याच चालीने चालतानाही थांबावे लागते, ती दोन. शंभर मीटर चालून थांबावे लागते, ती तीन. धापेमुळे घर सोडता येत नाही, कपडे घालतानाही धाप लागते, ती चार. एवढ्याशा मोजपट्टीत किती अर्थ आहे पाहा. जपानमधील एका अभ्यासात रोग्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. पाच वर्षांनंतर कोण हयात असेल याचा अंदाज फुंकण्याच्या आकड्यापेक्षा धापेच्या पायरीवरून अधिक चांगला बांधता आला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. २००४ साली बार्टोलोमे चेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन व उंचीचे प्रमाण, श्वासमार्गातील अडथळा, धाप आणि सहा मिनिटांत कापलेले अंतर या चारांचा मिळून एक निर्देशांक केला, तोही याच कारणाने.

तरीही पायरी ही पायरीच. तिच्यात रात्रीचा खोकला नाही, चारचौघांत कफ आल्यावर वाटणारी लाज नाही, घरातल्यांना आपला जाच होतो ही टोचणी नाही. हे सारे आकड्यात आणण्याचा सर्वांत नेटाचा प्रयत्न लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील पॉल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांची प्रश्नावली १९९१ आणि १९९२ साली प्रसिद्ध झाली, आणि रुग्णालयाच्याच नावाने ती जगभर ओळखली जाते. तिच्यात पन्नास प्रश्न आहेत. त्यांचे तीन भाग पडतात: खोकला, कफ, घरघर यांसारखा त्रास, धापेमुळे अडणाऱ्या हालचाली, आणि या आजाराचा मनावर, कामधंद्यावर, घरादारावर होणारा परिणाम. शेवटी शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. येथे शंभर म्हणजे सर्वांत वाईट, हे ध्यानात ठेवावे लागते, कारण आपल्याला परीक्षेच्या गुणांची सवय असते.

या प्रश्नावलीतील मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी की सर्व उत्तरांना सारखे वजन नाही. अंघोळ करताना धाप लागणे आणि डोंगर चढताना धाप लागणे, ही दोन्ही 'हो' एका तराजूत कशी घालावी? म्हणून रोग्यांनाच विचारले गेले की यांतली कोणती गोष्ट किती क्लेश देते, आणि त्यावरून प्रत्येक उत्तराचे वजन ठरवले गेले. ही वजने डॉक्टरांनी आपल्या खुर्चीत बसून ठरविलेली नाहीत. व्यापाऱ्याच्या घरात वजन कोणी ठरवले, हा प्रश्न पहिला विचारला जातो, म्हणून मुद्दाम सांगितले.

दुसरी गोष्ट फरकाची. तीस आणि एकोणतीस यांत अंतर आहे खरे, पण रोग्याला ते जाणवते का? जोन्स यांनी चार गुणांचा फरक हा रोग्याला अर्थपूर्ण वाटणारा किमान फरक धरला. त्याहून कमी बदल औषधाचा गुण म्हणून मिरवू नये. आप्पांनी भरला तो आठ प्रश्नांचा कागदही जोन्स यांच्या पुढाकाराने २००९ साली तयार झाला. पन्नास प्रश्न गर्दीच्या दवाखान्यात कोण भरून घेणार? म्हणून ही धाकटी प्रश्नावली आली. तिला कॅट म्हणतात. तिची कमाल चाळीस, आणि तिच्यात दोन गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. दहा किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे आजाराचा त्रास दखल घेण्याजोगा आहे, असा संकेत आहे. या आजारासाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे देणाऱ्या 'गोल्ड' या मंडळाने २०११ साली उपचार ठरविण्याच्या पद्धतीतच धापेची पायरी आणि ही प्रश्नावली आणून बसवली. तोवर सारा भर फुंकण्याच्या आकड्यावर होता.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गयाट यांची वाट थोडी निराळी होती, आणि मला ती मनापासून आवडली. त्यांची प्रश्नावली १९८७ सालची. तिच्यात रोग्याने स्वतःच्या आयुष्यातील, धापेमुळे अवघड झालेल्या आणि स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच गोष्टी स्वतः निवडायच्या, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच पाच गोष्टींबद्दल सांगायचे. एकाला बाजारातून पिशवी आणणे महत्त्वाचे, दुसऱ्याला नातवाला उचलून घेणे. आप्पांना मी घरीच हा प्रश्न विचारून पाहिला. त्यांनी पाच नव्हे, तीनच सांगितल्या: माडीवर जाणे, मंदिराच्या पायऱ्या, आणि सर्वांबरोबर बसून जेवणे. तिसरी ऐकून मी उठून स्वयंपाकघरात गेले. घास गिळताना श्वास रोखावा लागतो, म्हणून या आजारात जेवतानाही धाप लागते. आणि सर्वांच्या मध्ये बसून मध्येच थांबायची त्यांना लाज वाटत होती. आम्ही ताट खोलीत पाठवून त्यांची सेवा करीत आहोत असे समजत होतो.

आता या मोजण्याने साध्य काय होते, हे एका उदाहरणाने सांगते. ब्रिटनमध्ये ७५१ रोग्यांवर तीन वर्षे एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड दिले, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले. फुप्फुसाची घसरण दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली: औषधाविना वर्षाला ५९ मिलिलिटर, औषधासह ५०. केवळ यंत्राचा आकडा पाहिला असता तर औषध निरुपयोगी म्हणून फाईल बंद झाली असती. पण त्यांनी सेंट जॉर्जेस प्रश्नावलीही भरून घेतली होती. औषधाविना रोग्यांची स्थिती वर्षाला ३.२ गुणांनी बिघडत होती, औषधासह २ गुणांनी. चार गुणांची ती अर्थपूर्ण पायरी एका गटाने सरासरी सव्वा वर्षात ओलांडली, दुसऱ्याने दोन वर्षांत. अर्थात या औषधाला त्याचे तोटेही आहेत, न्यूमोनियाचा धोका वाढतो, आणि ते प्रत्येक रोग्याला लागत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच.

याहून ठळक दाखला व्यायामाचा. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम म्हणजे देखरेखीखाली चालणे, हातापायांचे व्यायाम, ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्याची सवय, धाप वाढल्यावर घाबरून न जाण्याचे शिक्षण. त्याने झिजलेले फुप्फुस नवे होत नाही. यंत्राचा आकडा जवळपास तेथेच राहतो. पण २०१५ साली कॉक्रेन संस्थेने ६५ चाचण्यांतील ३,८२२ रोग्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सेंट जॉर्जेस प्रश्नावलीत सरासरी सुमारे सात गुणांची सुधारणा आणि सहा मिनिटांच्या चालीत सुमारे ४४ मीटरची वाढ दिसली. कित्येक औषधांना इतका गुण दाखविता येत नाही. आणि आपल्याकडे धाप लागली की आपण काय सांगतो? "बसा, हलू नका, काही करू नका." प्रेमाने सांगतो, आणि स्नायूंची उरलेली ताकदही घालवतो.

लंडनमधील आणखी एका निरीक्षणाचा उल्लेख करते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तर रोग्यांनी वर्षभर रोजच्या त्रासाची टिपणवही ठेवली. आजार अचानक बळावण्याचे जितके प्रसंग वहीतून दिसले, त्यांपैकी जवळपास निम्मे रोग्यांनी डॉक्टरांना कळवलेच नव्हते. ज्यांना असे प्रसंग वारंवार येत, त्यांचे जगण्याचे गुण अधिक वाईट होते. म्हणजे न सांगण्याची सवय आपल्याच वडीलधाऱ्यांची खासियत नव्हे. वही ठेवल्यावर मात्र लपत नाही, हे आपल्याला नवे वाटू नये.

परदेशी प्रश्नावली आपल्याकडे आणताना मात्र अडचणी येतात. सेंट जॉर्जेस प्रश्नावलीच्या मूळ इंग्रजीत बाग खणणे, बर्फ उपसणे, गोल्फ आणि टेनिस खेळणे अशी कामे आहेत. आप्पांना बर्फ उपसायला कोण सांगणार? म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही. एकाने भाषांतर करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, दोन्ही ताडून पाहायची, आणि मग खऱ्या रोग्यांना ते वाचायला देऊन अर्थ लागतो का ते विचारायचे, अशी रीत आहे. आपल्या मराठीतली एक गंमत तर डॉक्टरांनीच सांगितली. 'दम लागला' म्हणजे श्वास पुरत नाही. 'दमलो' म्हणजे थकलो. 'दमा' हा वेगळाच रोग. आप्पा तीन वर्षे "जरा दमतो" असे म्हणत होते आणि आम्ही थकवा समजून च्यवनप्राश देत होतो. कॅटच्या कागदात धाप आणि उत्साह हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांचे मोल मला तेव्हा कळले.

आपल्या देशात या आजाराचा पसारा किती, तेही पाहू. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे १९९० साली भारतात सीओपीडीचे २.८१ कोटी रोगी होते, २०१६ साली ५.५३ कोटी. या आजाराने आयुष्याची जी वर्षे हिरावली जातात, त्यांतील अर्ध्याहून थोडा अधिक वाटा हवेच्या प्रदूषणाचा, त्यात चुलीचा धूरही आला. सुमारे पाव वाटा तंबाखूचा, आणि सुमारे सहावा हिस्सा कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, याकडे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मधील लेखात जगाचे लक्ष वेधले होते. आपल्या घरांत तंबाखू वर्ज्य असतो, म्हणून हा आजार आपल्याला शिवणार नाही, अशी एक समजूत आहे. आप्पांनी आयुष्यात विडी हातात धरली नाही. वखारीतील धूळ मात्र चाळीस वर्षे खाल्ली, आणि त्याआधीचे बालपण खेडेगावातल्या चुलीशेजारी गेले होते. नेमके कशाने किती झाले, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

धुळीचा विषय निघाला म्हणून एक टोचणारी गोष्ट लिहिते. आप्पा निदान गादीवर बसत असत. पोती ओतणारे, चाळणारे, थप्पी लावणारे हमाल त्याच धुळीत अधिक खोल उभे असत, आजही असतात. आमच्या पेढीवरचे एक जुने हमाल, वय पन्नाशीच्या पुढे, अलीकडे दोन पोत्यांनंतर टेकतात. आम्ही त्याला वय म्हणत होतो, जसे आप्पांच्या बाबतीत म्हणालो होतो. मी त्यांना फ्लेचरचे पाच प्रश्न विचारले. ते दुसऱ्या पायरीवर होते. त्यांना तपासणीला नेले. पेढीवर नाकावर बांधायचे चांगले मास्क आणि चाळणीपाशी धूळ ओढून घेणारा पंखा आला. हा खर्च आधीच व्हायला हवा होता.

घरच्या माणसाने काय करावे, असे मैत्रिणी विचारतात. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी 'त्रास काय?' असे विचारू नये. 'गेल्या दोन वर्षांत काय काय करणे सोडले?' असे विचारावे. उत्तर पुष्कळदा आश्चर्याचे येते. प्रश्नावली ज्याची त्याने भरावी. अक्षर लागत नसेल तर वाचून दाखवावे, पण गुण आपण सुचवू नयेत. शक्य तर दर भेटीला भरावी आणि कागद जपून ठेवावेत, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चढउतार अधिक सांगतो. कफाचा रंग बदलला, धाप एकाएकी वाढली, तर वाट पाहू नये. आणि श्वासातून घेण्याचा पंप हाती आला की 'आता सवय लागणार' अशी कुजबुज करणाऱ्या पाहुण्यांना चहा द्यावा, सल्ला मात्र घेऊ नये. औषध थेट फुप्फुसात जावे म्हणूनच तो पंप असतो. फक्त तो ओढण्याची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवावी, कारण ती पुष्कळांची चुकते. आमच्या आप्पांचीही चुकत होती.

आप्पांनी आठ आठवडे व्यायामाचा कार्यक्रम केला. पहिल्या आठवड्यात ते रुसले, दुसऱ्यात तेथे एक जुने अडते भेटले आणि मग रुसवा गेला. त्यांनी रोजकीर्दीच्या जुन्या वहीत मागची कोरी पाने शोधून त्यावर तारखेपुढे पावले मांडायला सुरुवात केली, जमेची बाजू डावीकडे आणि थांबलेल्या वेळा उजवीकडे. कार्यक्रमाच्या शेवटी फुंकण्याचा आकडा ५२ चा ५३ झाला होता, म्हणजे झालाच नव्हता. सहा मिनिटांची चाल २७० मीटरवरून ३१५ वर गेली. कॅटचा कागद त्यांनी पुन्हा एकट्याने भरला आणि बाहेर आले, तेव्हा बेरीज एकोणीस होती. माझ्या यजमानांनी कागद पाहून विचारले, "आप्पा, घराबाहेर पडण्याच्या धीराला अजून तीन गुण का? आता तर मंदिरापर्यंत जाता."

"रिक्षाने जातो," आप्पा म्हणाले. "पायी गेलो की दोन लिहीन."

जेवायला मात्र ते आता आमच्यात बसतात. घास घेताना मध्येच थांबतात, आणि ते पुन्हा बोलायला लागेपर्यंत कोणी काही विचारत नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.